लुईस ब्रँडाइस

लुईस डेम्बिट्झ ब्रँडाइस (जन्म : १३ नोव्हेंबर १८५६, लुईव्हिल, केंटकी, मृत्यू : ५ ऑक्टोबर १९४१, वॉशिंग्टन, डी.सी.) हे अमेरिकेतील विख्यात कायदेपंडित व सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. त्या न्यायालयावर नियुक्त झालेले ते पहिले ज्यू न्यायाधीश होत. १९१६ मध्ये सिनेटमध्ये त्यांच्या नेमणुकीस प्रखर विरोध झाला व निर्णयास १२५ दिवस लागले. न्यायाधीशांच्या नेमणुकीतील पक्षीय अडवणुकीचे उदाहरण म्हणून या प्रकरणाचा उल्लेख आजही केला जातो.

पूर्वायुष्य व शिक्षण

ब्रँडाइस यांचे आईवडील मूळचे प्राग येथील. युरोपातील १८४८ च्या क्रांतीनंतर ते अमेरिकेत स्थायिक झाले. मामा लुईस डेम्बिट्झ हे वकील व गुलामगिरीचे विरोधक होते. त्यांच्याविषयीच्या आदरापोटी ब्रँडाइस यांनी आपले डेव्हिड हे मधले नाव बदलून डेम्बिट्झ हे नाव घेतले. हार्वर्डच्या विधी महाविद्यालयातून १८७७ मध्ये ते वयाच्या विसाव्या वर्षी उत्तम गुणांनी पदवीधर झाले. विद्यार्थिदशेत डोळे अधू झाल्याने सहाध्यायी त्यांना पुस्तके वाचून दाखवीत.

वकिली व सार्वजनिक कार्य

१८७९ मध्ये सॅम्युएल वॉरन यांच्या भागीदारीत त्यांनी बॉस्टन येथे वकिली सुरू केली. या दोघांनी १८९० मध्ये लिहिलेल्या लेखामुळे खासगीपणाचा हक्क ही कल्पना कायद्याच्या चर्चेत रुजली. वकिलीत उत्तम जम बसल्यावर अनेक सार्वजनिक खटले ब्रँडाइस यांनी मोबदला न घेता चालविले. न्यू हेवन रेल्वेच्या मक्तेदारीविरुद्ध त्यांनी दीर्घ लढा दिला. स्त्री-कामगारांच्या कामाचे तास मर्यादित करणाऱ्या ऑरेगॉन राज्याच्या कायद्याचा १९०८ मध्ये बचाव करताना त्यांनी कायदेशीर युक्तिवाद मोजक्या पानांत मांडला. उरलेल्या शंभराहून अधिक पानांत कामगारांच्या आरोग्याची व जीवनमानाची माहिती दिली. अशा निवेदनास पुढे त्यांचेच नाव मिळाले.

१९१० मध्ये सरकारी जमिनींसंबंधीच्या एका चौकशीत राष्ट्राध्यक्ष विल्यम टाफ्ट यांच्या प्रशासनाने एका कागदावर मागील तारीख घातल्याचे ब्रँडाइस यांनी उघडकीस आणले. १९१२ च्या निवडणुकीत ते वुड्रो विल्सन यांचे आर्थिक प्रश्नांवरील सल्लागार होते. त्यामुळे उद्योगपतींबरोबरच रिपब्लिकन पक्षातील वजनदार मंडळींचाही त्यांच्यावर रोष होता.

नियुक्तीचा वाद

अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे नाव राष्ट्राध्यक्ष सुचवितो व सिनेटच्या संमतीने नेमणूक होते. न्यायमूर्ती जोसेफ लॅमर यांच्या निधनाने रिक्त झालेल्या जागी विल्सन यांनी २८ जानेवारी १९१६ रोजी ब्रँडाइस यांचे नाव पाठविले. हे वर्ष अध्यक्षीय निवडणुकीचे होते.

सिनेटच्या न्यायविषयक समितीने हे नाव एका उपसमितीकडे सोपविले. उपसमितीने फेब्रुवारीपासून जाहीर सुनावणी घेतली. सर्वोच्च न्यायालयाच्या उमेदवारासंबंधी अशी सुनावणी प्रथमच होत होती. ब्रँडाइस यांची विद्वत्ता वादातीत असल्याने आक्षेपांचा रोख त्यांच्या सचोटीवर व वृत्तीवर होता. त्यांनी परस्परविरोधी हितसंबंध असलेल्या पक्षकारांची कामे घेतली आणि त्यांच्या ठायी न्यायाधीशास आवश्यक असा समतोल नाही, असे विरोधकांचे म्हणणे होते. टाफ्ट, एलिहू रूट आदी अमेरिकन बार असोसिएशनच्या माजी अध्यक्षांनी, तसेच हार्वर्डचे अध्यक्ष लॉरेन्स लॉवेल यांनी विरोध नोंदविला. या आक्षेपांमागे ज्यूद्वेषही होता, परंतु तो क्वचितच उघडपणे व्यक्त झाला. हार्वर्डचे माजी अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी मात्र ब्रँडाइस यांस पाठिंबा दिला.

तत्कालीन प्रथेनुसार ब्रँडाइस स्वतः साक्षीस गेले नाहीत. त्यांची बाजू त्यांच्या वकिली संस्थेतील भागीदाराने सांभाळली. सिनेटमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे बहुमत असले, तरी समितीतील त्या पक्षाचे काही सदस्यही साशंक होते, म्हणून निर्णय लांबत गेला. मे महिन्यात विल्सन यांनी समितीच्या अध्यक्षांना पत्र लिहून ब्रँडाइस यांचे ठाम समर्थन केले. २४ मे रोजी समितीने पक्षनिहाय मतविभागणीने १० विरुद्ध ८ मतांनी अनुकूल शिफारस केली. १ जून रोजी सिनेटने ४७ विरुद्ध २२ मतांनी संमती दिली. केवळ तीन रिपब्लिकन सदस्यांनी बाजूने व एका डेमोक्रॅट सदस्याने विरोधात मत दिले.

न्यायाधीशपदाची कारकीर्द

ब्रँडाइस यांनी ५ जून १९१६ रोजी शपथ घेतली व १९३९ पर्यंत ते पदावर होते. विरोधकांनी शंका घेतलेला समतोल त्यांच्या निकालपत्रांतून दिसून आला. आपणांस न पटणारा कायदाही केवळ त्या कारणाने न्यायालयाने रद्द करू नये, अशी त्यांची भूमिका होती. भाषणस्वातंत्र्याविषयीचे त्यांचे १९२७ चे मत प्रसिद्ध आहे. पोलिसांनी दूरध्वनी चोरून ऐकण्यास १९२८ मध्ये न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी मान्यता दिली, तेव्हा त्यांनी भिन्न मत नोंदविले. १९६७ मध्ये न्यायालयाने तो जुना निर्णय सोडून दिला. टाफ्ट १९२१ मध्ये सरन्यायाधीश झाल्यावर दोघांनी जुने वैर बाजूस ठेवून एकत्र काम केले. याउलट विल्सन यांनीच नेमलेले न्यायमूर्ती जेम्स मॅकरेनॉल्ड्स यांनी ज्यूद्वेषापोटी ब्रँडाइस यांच्या निवृत्तीच्या निरोपपत्रावर सही करण्यासही नकार दिला.

वारसा

मॅसॅच्युसेट्स राज्यात १९४८ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठास ब्रँडाइस यांचे नाव देण्यात आले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, तेव्हा वॉरन व ब्रँडाइस यांच्या १८९० च्या लेखाचाही विचार केला.

नियुक्तीतील १२५ दिवसांच्या प्रतीक्षेचा विक्रम शतकभर अबाधित होता. २०१६ मध्ये, पुन्हा निवडणुकीच्याच वर्षी, राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी सुचविलेले मेरिक गारलँड यांचे नाव २९३ दिवस प्रलंबित राहून अखेर रद्दबातल झाले. ब्रँडाइस यांच्या वेळी सुनावणी लांबली, आक्षेप घेतले गेले, त्यांना उत्तरे दिली गेली आणि शेवटी मतदान झाले; गारलँड यांच्या वेळी रिपब्लिकन बहुमताच्या सिनेटने सुनावणीच घेतली नाही.