वातारासेच्या गाळातले तांबे

जपानच्या तोचिगी प्रांतातले शोझो तानाका (१८४१-१९१३) १८९० मध्ये देशाच्या पहिल्या संसदेत निवडून गेले. त्याच वर्षी वातारासे नदीला मोठा पूर आला. पुराचा गाळ एरवी शेताला खतासारखा. या गाळाने मात्र भात मारला. वरच्या अंगाला आशिओची तांब्याची खाण होती. तिथल्या भट्ट्यांच्या गंधकी धुराने डोंगर बोडके झाले आणि उघडी माती, खाणीचा कचरा नदीत उतरू लागला. पूर ओसरतो, तांबे ओसरत नाही. ते गाळाच्या कणांना चिकटून शेतात बसते आणि पिकाची मुळे खुंटवते.

तानाकांनी १८९१ पासून संसदेत हा विषय लावून धरला. सरकारला तांब्याची निर्यात मोलाची होती. अखेर १९०१ मध्ये खासदारकी सोडून ते निवेदन घेऊन थेट सम्राटाच्या बग्गीकडे धावले. वेडा ठरवून त्यांना त्याच दिवशी सोडण्यात आले. खटला टळला, ही सरकारचीच सोय.

पुढे पुराचे पाणी साठवण्यासाठी यानाका गाव उठवायचे ठरले. साठी उलटलेले तानाका १९०४ मध्ये त्याच गावात राहायला गेले. १९०७ मध्ये तिथली उरलेली घरे पाडली गेली. मृत्यूसमयी त्यांच्याजवळ एक पिशवी होती. तिच्यात काही हस्तलिखिते, रोजनिशी, बायबलचा नवा करार, राज्यघटना आणि तीन खडे होते.

खाण १९७३ मध्ये बंद झाली. २०११ च्या भूकंपात तिथला जुना कचऱ्याचा ढीग ढासळला आणि वातारासेच्या पाण्यात मर्यादेपेक्षा जास्त शिसे आढळले.