वसईचे रक्तसाक्षी संत गोन्सालो गार्सिया व त्यांचे जपानी बालसोबती

आमच्या अंबाडीच्या नाक्यावरून वज्रेश्वरीकडे जी वाट फुटते, तीच पुढे वसई प्रांतात उतरते. ह्या ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी त्या भूमीत जन्मलेल्या एका महात्म्याचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. भारतभूमीत जन्मून संतपदास पोहोचलेले हे पहिलेच पुरुष होत. त्यांच्या क्रुसावरील मरणाची कथा पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु परमुलखात त्यांनी माणसे कशी जोडली, ह्याचा विचार फारसा होत नाही.

इ. स. १५५६-५७ च्या सुमारास गोन्सालो ह्यांचा जन्म वसईस झाला. पिता पोर्तुगीज, माता एतद्देशीय. विद्या व धर्मशिक्षण येशूसंघीय धर्मगुरूंपाशी झाले. त्या मंदिराचे अवशेष वसईच्या किल्ल्यात अद्यापि उभे आहेत. पुढे सन १५७२ मध्ये, अवघ्या पंधरा-सोळा वर्षांच्या वयात, फादर सेबास्तियांव गोन्साल्विस ह्यांच्यासमवेत ते जपानला निघाले. ज्या वयात आमची मुले गाव सोडून वसतिगृहात राहावयास बिचकतात, त्या वयात हा मुलगा समुद्र ओलांडून गेला!

तेथे त्यांनी प्रथम काय केले? त्या लोकांची भाषा शिकून घेतली. थोड्याच काळात ते जपानी उत्तम बोलू लागले. स्वभाव गोड असल्यामुळे लोकांनी त्यांस आपलेसे केले. आठ वर्षे त्यांनी धर्मशिक्षकाचे काम केले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची उत्कट इच्छा होती. ती सफळ झाली नाही. तेव्हा ते व्यापारात पडले, आणि व्यापार भरभराटीस आला. परंतु मन तृप्त होईना. मनिला शहरी फ्रान्सिस्कन संघाच्या साधूंचा सहवास घडला, आणि धनदौलत टाकून ते त्या संघात साधे व्रतस्थ बंधू म्हणून दाखल झाले.

सन १५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता फिलिपिन्सच्या गव्हर्नराचे वकील होऊन जपानात गेले, तेव्हा दुभाषी म्हणून गोन्सालो पुन्हा त्या देशी आले. सन १५८७ मध्येच टायको हिदेयोशी ह्याने मिशनऱ्यांस देश सोडण्याची आज्ञा केली होती. म्हणजे धोका ठाऊक असून ते परतले. राजधानी क्योतो येथे ह्या साधूंनी मठ बांधिला, महारोग्यांसाठी इस्पितळे काढिली. त्यांच्या आश्रयास काही जपानी मुले सेवेस व शिक्षणास राहत असत. लुईस इबाराकी बारा वर्षांचा, अंतोनियो तेरा वर्षांचा. तोमास कोझाकी त्यांहून थोडा मोठा.

सन १५९६ च्या अखेरीस हिदेयोशीचा कोप झाला. साधू व त्यांचे सोबती पकडले गेले, आणि जानेवारीत प्रत्येकाच्या डाव्या कानाचा लचका कापून ऐन हिवाळ्यात त्यांस नागासाकीपर्यंत चालविण्यात आले. वाटेत तोमासने आईस पत्र लिहून धाकट्या भावांस सांभाळण्याची विनंती केली. पुढे ते पत्र त्याच्या पित्याच्या प्रेतापाशी सापडले, कारण पिताही त्याच मेळ्यात होता. लुईसला धर्म सोडल्यास सुटका देऊ केली गेली. त्याने ती नाकारिली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांस क्रुसांवर बांधून भाल्यांनी विंधिले. त्यांत प्रथम क्रुसावर चढविले गेले ते आपले गोन्सालो, असे चरित्रकार सांगतात.

येथे विचारी वाचकांच्या मनात शंका येईल, की परक्या मुलांशी स्नेह जोडून त्यांस मरणाच्या वाटेस लावणे, ही कसली मैत्री? ही शंका टाळण्याजोगी नव्हे. आमच्या मते तिचे उत्तर असे. त्या मुलांवर कोणी बळजबरी केली नाही. त्यांची निष्ठा त्यांची स्वतःची होती. आणि गोन्सालो ह्यांनी त्यांस पुढे लोटून आपण मागे राहणे पत्करिले नाही. जो परदेशी जाऊन चार दिवस मुलांत हसतो, खेळतो आणि संकट येताच आपल्या गलबतावर चढतो, तो पाहुणा होय. गोन्सालो ह्यांस व्यापार होता, परतीची वाट होती. तरी ते त्यांच्यापाशीच राहिले. ह्यालाच आम्ही मैत्री म्हणतो.

पोप उर्बान आठवे ह्यांनी सन १६२७ मध्ये ह्या सव्वीस जणांस धन्यपद दिले, आणि ८ जून १८६२ रोजी पोप पायस नववे ह्यांनी संतपद. सन १९६२ मध्ये निशिझाका टेकडीवर उभारलेल्या स्मारकात वसईचा हा पुत्र त्या जपानी मुलांच्याच ओळीत उभा आहे.

अंबाडीच्या तरुणांनो, तुम्हांपैकी काही उद्या दूरदेशी जातील, काही येथल्याच पाड्यांवर सेवेस जातील. जेथे जाल, तेथील भाषा आधी शिका, आणि ज्यांचा हात धराल, त्यांस मध्येच सोडू नका. संत गोन्सालो आम्हां सर्वांकरिता विनंती करोत. आमेन.