अडखळत बोलणारा सम्राट

भारताचा अखेरचा सम्राट सहावा जॉर्ज आपल्या पिढीला इतिहासाच्या पुस्तकातूनच ठाऊक आहे. १९४७ पर्यंत त्याचा चेहरा रुपयाच्या नाण्यावर होता आणि तेव्हा भंडारा जिल्ह्यात असलेल्या आपल्या गोंदियाच्या बाजारातही ते नाणे फिरत होते. त्याच्या राज्यकारभाराविषयी मला येथे लिहावयाचे नाही. एवढ्या साम्राज्याचा धनी, पण स्वतःच्या जिभेवर त्याची सत्ता चालत नव्हती. मी स्वतः अडखळत बोलतो, म्हणून त्याच्या चरित्राचा हा भाग मला अधिक मोलाचा वाटतो.

अल्बर्ट हे त्याचे मूळ नाव. जन्म १४ डिसेंबर १८९५ चा. पंचम जॉर्जचा हा दुसरा मुलगा आठव्या वर्षाच्या सुमारास अडखळू लागला. वडील करारी, मुलगा अडला की त्यांचा धीर सुटे. 'क' हा वर्ण त्याला विशेष जड जाई. आणि राजपुत्राला किंग व क्वीन हे शब्द टाळावेत तरी किती? ऑस्बर्नच्या नाविक विद्यालयात अर्ध्याचे अर्धे किती, या प्रश्नावर तो गप्प राहिला, असे सांगतात. उत्तर येत होते, पण क्वार्टर हा शब्द तोंडून फुटत नव्हता. तेथील अखेरच्या परीक्षेत ६८ मुलांत त्याचा क्रमांक ६८ वा आला. हे सारे अपयश वाणीचेच होते असे मी म्हणणार नाही. परंतु गप्प मुलाला मठ्ठ ठरविणे किती सोपे असते, हे यातून दिसते. हाच मुलगा पुढे १९१६ साली जटलंडच्या नाविक युद्धात तोफखान्यावर उभा होता.

३१ ऑक्टोबर १९२५ रोजी वेम्बली येथील साम्राज्य प्रदर्शनाच्या समारोपाचे भाषण त्याला करावे लागले. ते ऐकणाऱ्यांनाही असह्य झाले. अनेक डॉक्टर करून झाले होते. अखेर पत्नी एलिझाबेथच्या आग्रहावरून १९ ऑक्टोबर १९२६ रोजी तो लंडनच्या हार्ली स्ट्रीटवर लायनेल लॉग याच्याकडे गेला. लॉग ऑस्ट्रेलियाचा. त्याच्याजवळ वैद्यकाची पदवी नव्हती. युद्धात वाचा गमावलेल्या सैनिकांना बोलते करण्याचा अनुभव मात्र होता.

लॉगने त्या दिवशी केलेली नोंद आजही उपलब्ध आहे. शरीराची ठेवण, श्वासाची रीत, पोटाचे स्नायू हे सारे त्याने तपासले. मन अगदी निकोप आहे, जो ताण आहे तो या दोषामुळे आलेला आहे, असे त्याने लिहिले. मला हे वाक्य साऱ्या उपचारांहून मोठे वाटते. माणूस घाबरट म्हणून अडखळतो, असे लोक समजतात. लॉगने हा क्रम उलटा मांडला.

श्वासावर त्याने दिलेला भर आज टिकलेला नाही. तोतरेपणा बहुधा दोन ते सहा वर्षांच्या दरम्यान सुरू होतो आणि त्याचे मूळ मेंदूच्या कार्यात व आनुवंशिकतेत आहे, असे आता मानतात. किशोरांची व प्रौढांची तपासणीही विस्तारली आहे. शंभर अक्षरांत किती वेळा अडले, सर्वांत लांब अडथळा किती सेकंदांचा, मान व डोळे ताणले जातात काय, हे वाचताना आणि बोलताना निरनिराळे पाहतात. पण एवढ्यावर भागत नाही. कोणते शब्द टाळले, कोणत्या प्रसंगातून पाय काढला, याचीही विचारपूस करावी लागते.

याचे उदाहरण माझ्याजवळच आहे. नागपूरच्या तिकीट खिडकीवर 'गोंदिया' म्हणताना 'ग' घशातच अडतो. म्हणून पुष्कळदा मी पुढच्या आमगावचे तिकीट घेतो आणि गोंदियाला उतरतो. 'आ' सहज निघतो. खिडकीपाशी उभे राहून कोणी माझे अडखळणे मोजले तर हाती शून्य येईल. पण दर खेपेचे ते जादा पैसे माझ्या दोषाचे खरे माप आहेत.

अल्बर्टने रोज नेटाने सराव केला. ९ मे १९२७ रोजी कॅनबेरा येथे संसद भवनाचे उद्घाटन करताना त्याचे भाषण नीट पार पडले. थोरल्या भावाने गादी सोडल्यामुळे ११ डिसेंबर १९३६ रोजी तो राजा झाला. भाषणातील अवघड शब्द लॉग बदलून देई, थांबण्याच्या जागांवर खुणा करी. ३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध जाहीर झाल्यावर राजा आकाशवाणीवरून बोलला, तेव्हाही लॉग शेजारी उभा होता. १९४४ च्या नाताळचे भाषण राजाने त्याच्यावाचून केले. ६ फेब्रुवारी १९५२ रोजी त्याचे निधन झाले. तोतरेपणा कमी झाला होता, पण समूळ गेला नव्हता. विरामांसह बोलतच त्याने राज्य केले.

आपल्या वर्गातही असा एखादा विद्यार्थी असतो. तोंडी परीक्षेत तो थांबला, तर गुरुजनांनी त्याला आणखी एक मिनिट द्यावे आणि मित्रांनी त्याचे वाक्य त्यालाच पुरे करू द्यावे. उत्तर त्याच्याजवळ असते. उशीर फक्त ओठांपर्यंत येण्याचा असतो.