मांद्रेच्या भाऊंची इंग्रजी

मराठी शाळेत घातले तर पोराला इंग्रजी येईल काय, ही चिंता पेडणे-डिचोलीत घरोघरी ऐकू येते. अशा पालकांना आम्ही डॉ. भाऊ दाजी लाड यांची आठवण करून देऊ इच्छितो.

भाऊ पेडणे महालातील मांद्रेचे. तेव्हा इथे राज्य पोर्तुगिजांचे. बुद्धिबळातील त्यांची चमक पाहून एका इंग्रज साहेबाने मुलाला इंग्रजी शिकवा, असे वडिलांना सुचविल्याचे सांगतात. मुंबईत आधी मराठी शाळा, मग एल्फिन्स्टन संस्था, अशी भाऊंची वाटचाल झाली. १८४७ साली त्यांच्या इंग्रजी निबंधाला बक्षीस मिळाले. विषय होता कच्छ-काठेवाडातील बालिकाहत्या. १८५१ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून ते डॉक्टर झाले. कालिदासाचा काळ, अजिंठ्याचे शिलालेख यांवर त्यांनी इंग्रजीत लिहिले. मुलींच्या शिक्षणासाठीही ते झटले. १८७४ साली ते निवर्तले. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला आज त्यांचे नाव आहे.

अवघड इंग्रजी शब्द भाऊंनी मिरविण्यासाठी गोळा केले नाहीत. येथल्या मुलींचे दुःख आणि येथली विद्या साहेबाला कळावी, म्हणून ते वापरले. आमच्या पोरांनीही खुशाल इंग्रजी शिकावी, पण मराठीची पाटी पुसून नव्हे.