विश्लेषण : जिवंत भासणारे स्फटिक आणि ओटो लेमान

बारामती-इंदापूरकडे खिलार बैल घेताना जाणता शेतकरी अंगावरचे भोवरे निरखून पाहतो. भोवरा शुभ की अशुभ, हा श्रद्धेचा भाग. पण चेंडूसारख्या बंद गोलावर सगळीकडे केस असतील, तर ते कसेही विंचरले तरी कुठेतरी भोवरा राहतोच, हा गणिताचा नियम आहे. रेणूंच्या रांगांतल्या अशाच ‘भोवऱ्यां’ना भौतिकशास्त्रात ‘दोष’ म्हणतात. द्रवरूप स्फटिकांतले हे दोष सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळणाऱ्या पहिल्या संशोधकांपैकी एक म्हणजे जर्मन शास्त्रज्ञ ओटो लेमान.

लेमान कोण होते?

जन्म १३ जानेवारी १८५५, जर्मनीतील कोन्स्टान्झ. वडील गणिताचे शिक्षक. सूक्ष्मदर्शकाचा नाद घरातूनच लागला. पदार्थ तापवता तापवता पाहता येईल असा सूक्ष्मदर्शक त्यांनी तयार केला. मार्च १८८८ मध्ये प्रागचे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिडरिश रायनिट्झर यांचे पत्र आले. कोलेस्टेरॉलपासून बनवलेला एक पदार्थ दोनदा वितळत होता : १४५.५ अंशांना गढूळ द्रव आणि १७८.५ अंशांना स्वच्छ द्रव. लेमान यांना गढूळ द्रवात स्फटिकासारखी प्रकाशाची लक्षणे दिसली. १८८९ मध्ये त्यांनी वाहत्या स्फटिकांवर लेख लिहिला. त्याच वर्षी हाइनरिश हर्ट्झ यांच्या जागी ते कार्ल्सरूहला प्राध्यापक झाले.

वाद कशावरून झाला?

स्फटिक म्हणजे घट्ट, ही तेव्हाची ठाम समजूत. गुस्टाफ टामान यांच्यासारखे रसायनशास्त्रज्ञ म्हणत, हे नवे काही नाही, दोन द्रवांची भेसळ आहे. पुढे हाले येथील डॅनिएल फोरलेंडर यांनी असे अनेक शुद्ध पदार्थ बनवले आणि भेसळीचा आक्षेप मागे पडला. पण तोवर लेमान एक पाऊल पुढे गेले होते. त्यांच्या काचपट्टीवर नळ्या वाढत, अळीसारख्या वळवळत, दुभंगत. १९०७ च्या पुस्तकाच्या शीर्षकातच त्यांनी त्यांना जिवंत भासणारे स्फटिक म्हटले. जीवनाच्या उगमाशी नाते जोडण्याची ही ओढ अनेकांना पटली नाही. नोबेलसाठी नाव सुचवले गेले, पुरस्कार मिळाला नाही. १७ जून १९२२ रोजी कार्ल्सरूहला त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी फ्रान्सचे जॉर्ज फ्रिडेल यांनी या पदार्थांचे वर्गीकरण केले आणि एका प्रकाराला ग्रीक ‘धाग्या’वरून ‘नेमॅटिक’ नाव दिले. ते धागे म्हणजे दोषांच्या रेषाच होत्या.

आज त्याचे महत्त्व काय?

लेमान यांच्या नळ्या सजीव नव्हत्या. मात्र पेशीचा पडदा खरोखरच द्रवरूप स्फटिकासारखा असतो : स्निग्ध रेणूंचे दोन थर, शिस्तीत उभे, तरीही वाहते. पडद्यातले रेणू एकाच बाजूला कललेले असले, की त्यांची दिशा पृष्ठभागावर उमटते. पडदा बंद गोल असेल तर सगळ्या दिशा जुळत नाहीत आणि दोष अटळ ठरतात. दोषाभोवती ताण साठतो. पडदा मऊ असल्याने तो ताण कमी करायला तिथे टोक काढतो किंवा वाकतो. म्हणजे आकार रांगा ठरवतो आणि रांगा आकार ठरवतात.

हे सजीवातही दिसले आहे. गोड्या पाण्यातला हायड्रा तुकड्यातूनही पुन्हा उभा राहतो. इस्रायलच्या टेक्निऑनमधील संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवले, की त्याच्या शरीरातील स्नायूसारख्या तंतूंच्या रांगांत दोष असतात. तुकडा वाढताना त्यांपैकी एका दोषाच्या जागी तोंड तयार होते.

लेमान यांनी स्फटिकात जीव शोधला. तो तिथे नव्हता. पण जिवाच्या घडणीत स्फटिकाची शिस्त आणि तिची मोडतोड दोन्ही लागतात, हे शतकानंतर उमगू लागले आहे.