पंक्चर काढणारा चित्रकार

इंजिनियरिंग करून पुढे बँकेत, एमपीएससीत किंवा नाटकात गेलेले आपल्या हॉस्टेलवर चिक्कार सापडतील. उलटा प्रवास करणारे मात्र विरळाच. एदुआर मिशेलिन त्यातला एक. फ्रेंच लोक हे आडनाव मिशलँ असं काहीतरी नाकात म्हणतात. तसं म्हटलं तर आपला टायरवाला गोंधळून जाईल, म्हणून आपण मिशेलिनच म्हणू.

एदुआरचा जन्म १८५९ सालचा, पॅरिसमधला. आधी कायदा शिकला, मग सगळं सोडून चित्रकलेत रमला. मोठा भाऊ आंद्रे मात्र आपल्या जातकुळीचा, पॅरिसच्या एकोल सेंत्रालमधून निघालेला इंजिनियर. मध्य फ्रान्समधल्या क्लेर्मों-फेराँ या गावी त्यांच्या आईकडच्या आजोबांनी भागीदारीत उभारलेला शेतीची यंत्रं आणि रबरी वस्तू बनवणारा कारखाना होता. तो पार डबघाईला आला होता. १८८६ पासून आंद्रेने त्यात लक्ष घातलं, पण त्याचा स्वतःचा धंदा पॅरिसमध्ये. दोन्हीकडे पाय ठेवणं जमेना. शेवटी धाकट्याने ब्रश खाली ठेवला आणि गाव गाठलं. १८८९ मध्ये कंपनीला मिशेलिन हे नाव लागलं. तेव्हा मालक तिशीत आणि रबराचं ज्ञान जवळपास शून्य! कारखान्याचा खपणारा माल म्हणजे घोडागाड्यांच्या ब्रेकचे रबरी ठोकळे.

त्याच वर्षी एक सायकलवाला पंक्चर झालेली सायकल घेऊन कारखान्यात आला. टायर डनलॉपचे. बेलफास्टला राहणाऱ्या डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने १८८८ मध्ये हवेच्या टायरचं पेटंट घेतलं होतं. कल्पना उत्तम, पण टायर रिमला चिकटवलेला असे. तो सोडवून, भोक बुजवून परत चिकटवायला तीन तास गेले, आणि वर डिंक वाळायला रात्रभर. दुसऱ्या दिवशी एदुआरने ती सायकल स्वतः चालवून पाहिली. थोडं अंतर गेला नाही तोच फुस्स!

इथे माणसाची पारख होते. दुसरा कोणी म्हणाला असता, हे हवेचं खूळ नको, आपला भरीव रबरच बरा. एदुआरने दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. हवेवर चालण्याचं सुख खरं आहे, खोट आहे ती चिकटवण्यात. पंक्चर तर होणारच. मग ते रस्त्याच्या कडेला कुणालाही पाव तासात काढता आलं पाहिजे. १८९१ मध्ये त्याने असा टायर काढला. आत ट्यूब वेगळी, वरचं कव्हर वेगळं आणि कव्हर रिमला स्क्रूने आवळलेलं. स्क्रू सोडा, ट्यूब बदला, परत आवळा. आज यात काय मोठंसं वाटेल, पण तोवर टायर बदलणं ही गोष्ट नव्हतीच, होती ती फक्त दुरुस्ती.

त्याच सप्टेंबरमध्ये पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस ही सुमारे १२०० किलोमीटरची सायकल शर्यत झाली. शार्ल तेरों याने मिशेलिन टायरवर ती ७१ तास २२ मिनिटांत जिंकली. दुसरा आला तो जवळपास आठ तासांनी, आणि तो डनलॉपवर होता. पुढच्या वर्षी भावांनी स्वतःच पॅरिस ते क्लेर्मों शर्यत ठेवली आणि वाटेत चक्क खिळे टाकून ठेवले. पंक्चर झाल्याशिवाय लोकांना ते काढणं किती सोपं आहे हे दिसणार कसं? हा चावटपणाच, पण लागू पडला.

मोटारीचं प्रकरण जड गेलं, शब्दशः. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हवेच्या टायरवर गाडी चालवायला कोणी तयार होईना. मग भाऊच बसले. गाडीचं नाव एक्लेर, म्हणजे वीज. वेगामुळे नव्हे, विजेसारखी वेडीवाकडी पळायची म्हणून. ट्यूबा फुटत गेल्या, भाऊ बदलत गेले. शर्यतीत सर्वांत जलद आलेल्या लव्हासॉरला लागले ४८ तास ४८ मिनिटं. हे दोघे त्याच्या पुष्कळ मागून आले, बक्षिसाचा प्रश्नच नव्हता. पण हवेवर मोटार जाऊन परत येते हे दिसलं, आणि पुढच्या काही वर्षांत भरीव टायर मोटारीवरून गेलाच.

तरी आवळाआवळीचा त्रास उरलाच होता. १९०६ मध्ये मिशेलिनने टायरसकट निघणारी रिम आणली. ड्रायव्हरने हवा भरलेला टायर रिमसकट सोबत ठेवायचा. वेल्समधल्या लानेथ्ली गावच्या डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्येच जादा चाक विकायला काढलं होतं. त्यांचं दुकान स्टेपनी स्ट्रीटवर. आपण डिकीतल्या चाकाला स्टेपनी म्हणतो ते त्या गल्लीवरून!

१८९८ मध्ये टायरांच्या चळतीचा तो गुबगुबीत बाहुला आला. १९०० मध्ये फुकट वाटायचं गाइड आलं. हॉटेलांच्या ताऱ्यांसाठी ते आज गाजतं, पण पहिल्या आवृत्तीत टायर कसा बदलायचा याच्या सूचना होत्या. लोक फिरले तर टायर झिजणार, सरळ हिशेब!

एदुआर स्वतः फारसा लोकांत मिसळत नसे. कारखान्यात परक्याला सहसा प्रवेश नाही, गुपितं घरातच. कामगारांना घरं, शाळा, दवाखाना सगळं कंपनीचं. सोय होती, आणि जन्मभराचं मिंधेपणही होतं, असं मला वाटतं.

शेवटची वर्षं वाईट गेली. १९३१ मध्ये आंद्रे गेला. १९३२ मध्ये मुलगा एतिएन विमान अपघातात गेला. दिवाळं निघालेली सित्रोएन कंपनी मिशेलिनने ताब्यात घेतली आणि दुसरा मुलगा पिएर ती सावरायला बसला. १९३७ च्या डिसेंबरमध्ये तो मोटार अपघातात गेला. ज्या माणसाने जगाला रबरावर पळवलं, त्याची दोन्ही पोरं अशी वाहनांनी नेली. १९४० च्या ऑगस्टमध्ये, फ्रान्स जर्मनीपुढे पडल्यावर दोन महिन्यांनी, क्लेर्मोंजवळ एदुआरने डोळे मिटले.

रेडियल टायरचं पेटंट कंपनीने घेतलं ते १९४६ मध्ये. टायरच्या बाजूवर १६५/८० आर १४ असं लिहिलेलं असतं, त्यातला आर तो. नवीन टायर घेताना त्याच बाजूला चार आकडी शिक्काही बघा: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. दोनच टायर घेणार असाल तर नवे मागे बसवून घ्या, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. एतिएन गेला तेव्हा त्याचा मुलगा फ्रांस्वा सहा वर्षांचा होता. पुढे १९५५ ते १९९९ कंपनी त्यानेच चालवली.