भजनामागचं तिसरं नाव : शकील बदायुनी

रेडिओवर ‘बैजू बावरा’मधलं मालकंस रागातलं भजन लागलं की दोन नावं लगेच ओठांवर येतात. गायक मोहम्मद रफी आणि संगीतकार नौशाद. पण हे भजन लिहिलं कोणी, असं विचारलं की बरेच जण अडखळतात. ते तिसरं नाव शकील बदायुनी यांचं. २० एप्रिल हा त्यांचा स्मृतिदिन. त्यानिमित्त आम्ही या शायराची आणि त्याच्या गाण्यांच्या जन्माची गोष्ट सांगतोय.

बदायूं ते मुंबई

उत्तर प्रदेशातलं बदायूं हे सुफी संतांचं गाव. हजरत निजामुद्दीन औलिया यांचा जन्म इथलाच. याच गावात ३ ऑगस्ट १९१६ रोजी शकील यांचा जन्म झाला. मुलानं शिकावं, चांगल्या नोकरीला लागावं, ही वडिलांची इच्छा. त्यासाठी त्यांनी अरबी, फारसी, उर्दू आणि हिंदी शिकवायला घरीच शिक्षक ठेवले. एकाच छताखाली मिळालेल्या या चार भाषांचं मोल पुढे सिनेमात कळलं. दूरच्या नात्यातले झिया-उल-कादरी हे धार्मिक शायरी करत. त्यांच्या सहवासात शकील यांनाही शेर सुचू लागले.

१९३६ मध्ये ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठात दाखल झाले. कॉलेजांच्या मुशायऱ्यांत भाग घ्यायचा आणि बक्षीस घेऊनच परतायचं, असा त्यांचा शिरस्ता झाला. १९४० मध्ये निकाह झाला. बी.ए. झाल्यावर दिल्लीत पुरवठा खात्यात नोकरी लागली. पगार होता, मुशायऱ्यांत नाव होत होतं. तो काळ क्रांतीची, शोषितांची शायरी लिहिण्याचा होता. शकील मात्र प्रेमाच्या आणि मनाच्या शायरीतच रमले. त्यावर टीका झाली, तरी ते बदलले नाहीत. शेवटी १९४४ मध्ये त्यांनी मुंबई गाठली. बायकामुलांच्या माणसानं पक्की नोकरी सोडून सिनेमाच्या भरवशावर राहणं ही तेव्हाही छोटी गोष्ट नव्हती.

मुंबईत निर्माते ए. आर. कारदार आणि नौशाद यांची भेट झाली. नौशाद लखनौचे, शकील बदायूंचे. दोघांचे सूर लगेच जुळले. कारदार यांच्या ‘दर्द’ची गाणी शकील यांना मिळाली. १९४७ साली आलेल्या या चित्रपटात उमादेवी या नवख्या मुलीनं गायलेलं त्यांचं गाणं गल्लीबोळांत पोहोचलं. हीच उमादेवी पुढे टुनटुन नावानं विनोदी नटी म्हणून गाजली. पहिल्याच चित्रपटात असं यश फार थोड्या गीतकारांच्या वाट्याला येतं.

भजन आणि तीन मुसलमान

१९५२ च्या ‘बैजू बावरा’च्या वेळी खरी कसोटी लागली. चित्रपटात भजनं हवी होती. त्यामुळे दिग्दर्शक विजय भट्ट यांच्या मनात कवी प्रदीप यांचं नाव होतं. उर्दू गझल लिहिणारा शायर भजन कसं लिहिणार, ही शंका येणं साहजिकच होतं. नौशाद यांनी आधी शकील यांची गाणी ऐकून घ्या, असा आग्रह धरला. भट्ट यांनी ऐकली आणि शंका मिटली.

शब्द शकील यांचे, चाल नौशाद यांची, आवाज रफींचा. तिघंही मुसलमान आणि गाणं हरीच्या दर्शनासाठी तळमळणाऱ्या भक्ताचं. आपल्याकडे ही गोष्ट चमत्कार म्हणून सांगतात. आम्हाला मात्र तो चमत्कार वाटत नाही. शकील ज्या मुलखात वाढले तिथे अजान आणि कीर्तन एकाच हवेत ऐकू यायचं. घरी हिंदी शिकलेल्या माणसाला तो शब्दांचा खजिना परका नव्हता. उलट याच लेखणीनं ‘मुघल-ए-आझम’मध्ये मदिनेच्या सरकारांकडे गाऱ्हाणं मांडणारं गीतही लिहिलं. ‘मदर इंडिया’तल्या शेतकऱ्यांची होळी लिहिली आणि ‘गंगा जमुना’त पूरबी बोलीही तितक्याच सहज उतरवली.

गच्चीवरची रात्र

‘मुघल-ए-आझम’मधलं शीशमहालातलं गाणं सगळ्यांना पाठ आहे. ते कसं जन्मलं, याची हकीकत नौशाद पुढे सांगत असत. दोघं त्यांच्या घराच्या गच्चीवर बसले. शकील लिहीत गेले, कागद बाजूला पडत गेले, मनासारखं काही होईना. उशिरा नौशादना लहानपणी ऐकलेलं एक पूरबी लोकगीत आठवलं. त्यातला भाव शकील यांनी पकडला आणि बादशहासमोर उभ्या राहिलेल्या एका कनिजेच्या तोंडी तो उर्दूत घातला. पहाटेपर्यंत गाणं तयार होतं. म्हणजे या शाही गाण्याचं मूळ खेड्यातल्या बायकांच्या गळ्यात आहे, हे विसरून चालणार नाही.

पुढे संगीतकार रवी आणि हेमंतकुमार यांच्यासोबतही त्यांची जोडी जमली. ‘चौदहवीं का चाँद’, ‘घराना’ आणि ‘बीस साल बाद’ या चित्रपटांच्या गीतांसाठी त्यांना लागोपाठ तीन वर्षं फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. तिकडे बेगम अख्तर यांनी त्यांची गझल गाऊन ती अजरामर केली.

पाचगणीतले दिवस

मग आजारपण आलं. मधुमेह होताच, त्यात क्षयानं गाठलं. उपचारासाठी त्यांना आपल्या सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीला ठेवलं गेलं. काम थांबलं, पैशांची चणचण सुरू झाली. सिनेमाच्या दुनियेत आजारी माणसाचा दरवाजा कोणी ठोठावत नाही. नौशाद मात्र गेले. त्यांनी आपल्या तीन चित्रपटांची गाणी शकील यांच्याकडूनच लिहून घेतली आणि निर्मात्यांकडून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त मानधन मिळवून दिलं. मित्राला मदत केली, पण ती खैरात वाटणार नाही याची काळजी घेतली. त्यांची दोस्ती आम्हाला इथे सगळ्यात मोठी वाटते.

२० एप्रिल १९७० रोजी मुंबईत शकील यांचा इंतकाल झाला. वय अवघं ५३.

आज उर्दू कोणाची, हिंदी कोणाची, भजन कोणी म्हणावं यावर वाद घातले जातात. अशा वेळी मोठी भाषणं करण्यापेक्षा एक साधी गोष्ट आपल्याला करता येईल. ते भजन पुन्हा कानावर पडेल तेव्हा शेजारी बसलेल्या मुलांना ते कोणी लिहिलं हे सांगू या. वाचकहो, दोन नावं त्यांना माहीत असतीलच. तिसरं आपण सांगू या.